वाचक विचारतात: कयाक, तंबू आणि देवगड ते वेंगुर्ले

मागच्या अंकात मी आमच्या सी-कयाकिंग ट्रिपबद्दल लिहिलं होतं. देवगड ते वेंगुर्ले, साधारण ६५ किलोमीटर, आम्ही सहा जण आणि दोन गाइड, सकाळी वल्हवायचं आणि रात्री किनाऱ्यावर तंबूत झोपायचं, चार दिवसांची ट्रिप जी पाच दिवसांची झाली. शेवटी सवयीने "काही शंका असतील तर कळवा" असं लिहून टाकलं आणि ते अंगाशी आलं, कारण एवढे प्रश्न आले की संपादकबाई म्हणाल्या, आता या वेळचं अख्खं सदर तूच घे. सगळे घेता आले नाहीत. काहींना तर फक्त "खर्च किती" एवढंच हवं होतं, त्यांनी सरळ दोन-तीन ठिकाणी फोन करून विचारावं, दर सीझनप्रमाणे बदलतात.

वय ५२, पोहता येत नाही. मुलगी मागे लागलीय आई चल म्हणून. लाइफ जॅकेट देतात ना, मग पोहता यायची गरज काय?
घाबरलेली आई, ठाणे

ताई, अर्धं बरोबर आहे. लाइफ जॅकेट तरंगवतं, पण घाबरलेल्या माणसाची घाबरगुंडी ते थांबवत नाही, आणि पाण्यात सगळा घोळ तिथेच होतो. पोहण्याची स्टाइल वगैरे कोणी बघत नाही हो, नाकातोंडात पाणी गेल्यावर तुम्ही दहा सेकंद शांत राहू शकता का एवढंच बघतात.

लांबच्या ट्रिपला जी कयाक असते ती चौपाटीवर भाड्याने मिळते तसली वर बसायची प्लॅस्टिकची नसते, ती लांबुडकी असते, पंधरा-सोळा फूट, आपण पाय आत घालून बसतो आणि कमरेभोवती रबरी घोळ असलेला एक झगा असतो तो होडीच्या कडेला ताणून बसवतात, म्हणजे आत पाणी येत नाही. त्याला स्कर्ट म्हणतात. आता होडी उलटली तर तुम्ही डोकं खाली, पाय वर, आणि स्कर्ट लागलेला. ऐकूनच पोटात गोळा येतो ना? मलाही आला होता. म्हणून पहिल्या दिवशी देवगडच्या खाडीत छातीएवढ्या पाण्यात गाइडने आम्हाला एकेकाला मुद्दाम उलटवलं. नियम असा की उलटल्यावर आधी होडीच्या बुडावर दोन्ही हातांनी तीनदा थापा मारायच्या, मगच पुढचा लूप ओढून स्कर्ट सोडवायचा आणि पॅन्ट काढावी तसं होडीतून बाहेर सरकायचं. त्या तीन थापांनी बाकीच्यांना कळतं की कोणीतरी उलटलंय, आणि मुख्य म्हणजे थापा मारता मारता आपलं डोकं जागेवर येतं. मी पहिल्यांदा एकच मारली आणि घाईघाईने भलतंच काहीतरी ओढत बसले. तिसऱ्या वेळेला जमलं, आणि त्यानंतर भीती जवळजवळ गेलीच.

तुम्ही दोन महिने जवळच्या तलावात जा, तरंगायला आणि तोंड पाण्यात घालायला शिका, तेवढं पुरे. गाइडला आधीच सांगून दोघांची कयाक मागून घ्या, सुकाणू मागच्या माणसाच्या पायाशी असतं, तिथे तो बसेल. आणि जॅकेट घातल्यावर मुलीला सांगा खांद्यापाशी धरून वर ओढ. कानापर्यंत आलं तर ते सैल आहे, पट्टे आवळा. तो तसाच नारिंगी हार गळ्यात घालून फोटो काढणारे लोक बघितले की मला फार राग येतो.

रोज जिमला जातो, शोल्डर आणि बॅक स्ट्राँग आहे. दिवसाला ४० किमी मारले तर ट्रिप दोन दिवसांत नाही का होणार?
फिटनेस फ्रीक, अंधेरी

नाही होणार रे बाबा. भरलेली कयाक तासाला चार-पाच किलोमीटर जाते, वारा समोरून आला की तीन, आणि जोर केलास तर होडीपुढची लाट वाढते, वेग नाही. जोर हातात नसतोच, कमरेतून वळायचं असतं, वल्ह्याचं पातं पायाच्या अंगठ्यापाशी पाण्यात घालायचं आणि अख्खं धड फिरवायचं. आमच्यात तुझ्यासारखाच एक होता, दंड एवढे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याचं मनगट सुजलं कारण वल्हं गच्च आवळून धरायची सवय, आणि गाइडने त्याला दोरी बांधून ओढत आणला. पुढे एकसष्ट वर्षांच्या काकू नाट्यगीत गुणगुणत चालल्या होत्या.

लेख आवडला, पण पहाटे साडेचारला उठवतात हे वाचून घरच्यांनी नकार दिला. सुट्टीत कोण उठतं? नऊला आरामात नाश्ता करून निघालं तर काय बिघडतं?
झोपाळू कुटुंब, बोरिवली

काय बिघडतं ते मी स्वतः बघितलंय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

काही वर्षांपूर्वी मी अशाच एका ट्रिपला गेले होते, ऑर्गनायझरचं नाव नको. सगळे मुंबईचे, रात्रभर प्रवास करून आलेले, मग अंघोळी, मिसळ, मग ग्रुप फोटो, मग कोणाचा तरी गॉगल सापडेना, असं करत निघालो सव्वाअकराला. समुद्र मस्त शांत, आम्हाला वाटलं हे तर पवई तलावासारखंच आहे. साडेबारा-एकच्या सुमाराला वायव्येकडून वारा सुरू झाला, आधी गार वाटलं, बरं वाटलं, मग लाटांचे शेंडे पांढरे व्हायला लागले आणि अर्ध्या तासात अशी परिस्थिती की मी वल्हं मारतेय आणि किनाऱ्यावरचं ते एक माडाचं झाड जागचं हलत नाहीये. एक जोडपं उलटलं. गाइड एकच, तो त्यांच्यामागे, बाकीचे आम्ही इतस्ततः. शेवटी एका मच्छीमार होडीने त्या दोघांना उचललं आणि त्या तांडेलाने आम्हाला ज्या शिव्या घातल्या त्या इथे छापता येणार नाहीत, पण त्यातली एकही चुकीची नव्हती.

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलेलो आपण सगळे, दोन मार्कांना यायचं. तेच आहे हे. रात्री जमीन लवकर गार होते म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे, तो मतलई, हलका असतो आणि किनाऱ्यालगतचं पाणी त्याने सपाट राहतं. ऊन चढलं की जमीन तापते आणि उलटं सुरू होतं, खारा वारा, दुपारी त्याचा जोर. फेब्रुवारीनंतर तर तो जास्तच चढतो. आमचा मालवणचा गाइड रोज एकच वाक्य म्हणायचा, "अकरा वाजले की वारो येतलो." आणि यायचा! म्हणून साडेचारला उठायचं, उजाडता उजाडता पाण्यात उतरायचं आणि अकराच्या आत तंबू लावून सुरूच्या सावलीत पडायचं. झोप तिथे काढा ना, दुपारी दुसरं कामच नसतं.

मतलईचीही एक गंमत आहे म्हणजे गंमत नाहीच ती. तो तुम्हाला पाठीमागून हळूच आत, खोल समुद्राकडे ढकलत असतो आणि पाणी शांत असल्यामुळे कळत नाही. वळून बघावं तर किनारा लांब. म्हणून गाइड सारखा ओरडतो, किनारा धरून चला.

मग भरती-ओहोटी. आमच्या गाइडने तारीख ठरवताना आधी कालनिर्णय काढलं, फोन नंतर. हिशोब जुनाच, कोकणात बऱ्याच घरांत माहीत असतो: तिथीला पाऊणने गुणायचं, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. सप्तमीला सव्वापाच, अष्टमीला सहा, नवमीला पावणेसात, पहाटे आणि संध्याकाळी दोन्ही. मुंबईला हा अंदाज बरा बसतो, मालवणकडे भरती थोडी आधीच येते, नक्की वेळ टाइड टेबलमध्येच बघायची. आम्ही सप्तमीला निघालो. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी कमी चढतं कमी उतरतं, खाड्यांच्या तोंडाशी ओढ कमी. आणि पहाटे भरती म्हणजे पाणी तंबूच्या जवळ आलेलं असतं, भरलेली कयाक उचलून न्यायचं अंतर तेवढं कमी. रिकामी तीस किलो, त्यात पाणी-तंबू-भांडी. पौर्णिमेला चांदण्यात कॅम्पिंग करू म्हणणाऱ्यांनी पहाटेच्या ओहोटीला ही होडी शंभर पावलं ओल्या वाळूतून उचलून दाखवावी.

खाडीच्या तोंडाचं विसरू नका. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, फोटोत फार सुंदर दिसते ती जागा, पण ओहोटीचं पाणी नदीतून बाहेर पडत असताना समोरून समुद्राची लाट आली की दोघांच्या भांडणात लाटा उभ्याच्या उभ्या राहतात, आखूड आणि उंच. आम्ही तिथे पोचलो तेव्हा गाइडने सगळ्यांना लाटांच्या अलीकडे थांबवलं, स्वतः वीस मिनिटं नुसता बघत बसला, मग बाहेरून लांबचा वळसा घालून एकेकाला पार नेलं. वीस मिनिटं. एवढ्या वेळात मुंबईकर दोन लोकल सोडतो आणि तिसरीत चढतो.

ट्रिपला जायची फार इच्छा आहे पण टॉयलेटचं काय? आणि तारखा पाळीच्या आल्या तर?
विचारायला लाजणारी, डोंबिवली

लाजू नकोस, हाच प्रश्न अजून चौघींनी विचारलाय, फक्त त्यांनी दोन पानं प्रस्तावना लिहिली.

आमच्या तीनपैकी दोन मुक्काम गावाला लागून होते आणि गाइडने आधीच एकेका घरी बोलून ठेवलं होतं, त्यांच्या न्हाणीघर-संडासाचे वेगळे पैसे दिले. तिसऱ्या ठिकाणी उभा छोटा तंबू, त्यात खड्डा, खुरपं आणि राखेचा डबा. वाळूत कुठेही आडोशाला बसू नका, सकाळी त्याच वाळूत लोक जाळी ओढायला येतात. बुकिंगच्या आधी फोनवर स्पष्ट विचार, "बायकांसाठी सोय काय?" समोरचा हसला किंवा "होऊन जातं हो मॅडम" म्हणाला तर दुसरा ऑर्गनायझर बघ.

पाण्यात असताना दर तास-दीड तासाने किनाऱ्याला लागतातच, आणि नाहीच तर कमरेएवढ्या पाण्यात उतरायचं, समुद्राला काही फरक पडत नाही. पण लघवी नको म्हणून पाणी कमी प्यायचं हे अजिबात करू नकोस, आपण बायका लोकलमध्ये तेच करतो, इथे केलंस तर बारा वाजता चक्कर येईल. पाळीत कप वापरत असशील तर प्रश्नच नाही, पॅड मात्र खाऱ्या पाण्यात फुगून जड होतं. वापरलेलं सगळं पिशवीत घालून परत आणायचं.

मुलगा जातोय. रेंज नसेल म्हणून दुबईच्या भावाकडून सॅटेलाइट फोन मागवलाय. योग्य केलं ना?
काळजीत असलेले बाबा, विलेपार्ले

काका, आजच्या आज भावाला फोन करा आणि आणू नकोस म्हणून सांगा. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन भारतात बाळगणं बेकायदेशीर आहे, परदेशात ट्रेकर लोक खिशात ठेवतात ती छोटी सॅटेलाइट मेसेज पाठवायची यंत्रंसुद्धा, आणि एअरपोर्टवर लोकांना खरंच ताब्यात घेतलेलं आहे. त्यातून ही किनारपट्टी, २००८ च्या हल्ल्यानंतर इथे अनोळखी होडी दिसली तरी पोलिसांना फोन जातो.

या पट्ट्यात मोबाइलची रेंज बऱ्याच ठिकाणी येते, खडकांच्या आड जाते आणि परत येते. फोन वॉटरप्रूफ पाउचमध्ये आणि जॅकेटला बांधलेला हवा, होडीच्या कप्प्यात ठेवलेला उपयोगाचा नाही, होडी वाहून गेली तर फोनही गेला. कोस्ट गार्डचा नंबर १५५४, मुलाच्या आणि तुमच्या दोघांच्या फोनमध्ये सेव्ह करा. आणि गाइडकडून एक कागद मागून घ्या: कुठल्या दिवशी कुठून कुठे, किती माणसं, होड्यांचे रंग, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. हा कागद खूप कामाचा. त्यात लिहिलेल्या वेळेआधी दर दहा मिनिटांनी फोन करू नका एवढंच, त्याचे दोन्ही हात वल्ह्यावर असतात.

आम्ही पाच मित्र. दोन सेकंडहँड कयाक मिळतायत. यूट्यूब बघून शिकलोय. गाइड कशाला?
कोकणचे वाघ, लालबाग

पाच जण, दोन कयाक. इथपासूनच सुरुवात करूया का?

रागावू नका. पण गाइडचं अर्ध्याहून जास्त काम पाण्याबाहेर असतं जे व्हिडिओत दिसत नाही. कुठल्या ग्रामपंचायतीला विचारायचं, पोलीस ठाण्यात कोणाला कळवायचं, कुठल्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागते म्हणजे तिथे तंबू ठोकायचा नाही, कुठल्या टोकाला पाण्याखाली खडक आहेत जे भरतीला दिसत नाहीत. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती, जो महाराजांनी १६६४ ते १६६७ मध्ये भर समुद्रात कुरटे बेटावर बांधला, असले खडक इतके आहेत की शत्रूची गलबतं का फसायची ते कयाकच्या बुडाला घासल्यावर कळतं. तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्यातही येतो, तिथे आपल्या मनाने कुठेही उतरून शंख-शिंपले-प्रवाळ उचलायचं नसतं.

थंडीत या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. मोठी शेकोटी आणि पांढरे टॉर्च बघून मादी अंडी न घालताच परत फिरते. आम्ही रात्री लाल कागद लावलेले हेडलॅम्प वापरले, शेकोटी नाही, ब्लूटूथ स्पीकर नाही. तुमच्या सहीतल्या वाघांवरून वाटतंय की स्पीकर तर नक्की असणार.

आणि ऑक्टोबर ते डिसेंबर सेफ सीझन असं तुम्ही लिहिलंय. फयान चक्रीवादळ नोव्हेंबर २००९ मध्ये आलं, ओखी डिसेंबर २०१७ मध्ये, क्यार ऑक्टोबर २०१९ मध्ये. हवामान खात्याचा अंदाज आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज रोज बघायचा असतो, कारण कधी कधी इथे वारा नसतो तरी लांब कुठेतरी झालेल्या वादळाच्या लाटा किनाऱ्याला येऊन फुटतात. आणि बंदरात धोक्याचा बावटा लागला असेल तर विषय संपला.

शुद्ध शाकाहारी आहे, उपाशी राहावं लागेल का?
मुलुंड

नाही. पोहे, नाचणीची भाकरी, ठेचा, पिठलं, कोकम सरबत, उकडलेले बटाटे. वाळू मात्र प्रत्येक घासात, ती शाकाहारीच. पाणी माणशी दिवसाला चार-पाच लिटर मोजून घ्या आणि ते वजन होडीच्या मध्यावर, सीटच्या मागे तळाला, टोकाला भरलंत तर होडी सरळ जाणार नाही. खाण्याचा डबा रात्री तंबूबाहेर ठेवू नका, गावची कुत्री झाकण उघडतात.

गेल्या महिन्यात अशाच ट्रिपला गेलो. दुसऱ्या दिवशी गाइडने "आज नको" म्हणून अख्खा दिवस किनाऱ्यावर बसवलं, शेवटचा टप्पा टेम्पोने नेलं. आकाश स्वच्छ होतं! पूर्ण पैसे भरलेत. रिफंड मागावा का?
फसवलेला प्रवासी, कल्याण

बुकिंगच्या कागदावर काय लिहिलंय ते बघा, टेम्पोच्या टप्प्याचे काही परत मिळत असतील तर जरूर मागा. पण फसवलं म्हणू नका. मी आता कुठल्याही गाइडला पहिला प्रश्न हाच विचारते, की शेवटची ट्रिप तुम्ही कधी थांबवलीत आणि का? "आमची आजवर एकही थांबली नाही" असं जो छातीठोकपणे सांगतो त्याच्याबरोबर मी जात नाही. स्वच्छ आकाशाचा आणि लाटेचा संबंध नसतो, ते वर वाघांना सांगितलंच आहे.

आमचाही एक दिवस असाच गेला, तळाशीलला. पहाटे साडेचारला उठलो, सामान भरलं, स्कर्ट घातले, आणि गाइड पाण्याच्या कडेला उभा राहून लाटा मोजत होता. मग आला आणि म्हणाला, "आज नको ओ, उद्या बघूया." चहा परत चुलीवर. ज्यांची रविवारची तिकिटं होती त्यांची तोंडं बघण्यासारखी झाली, त्यात मीही होते, तुतारी एक्सप्रेसचं कन्फर्म तिकीट होतं माझं आणि सोमवारी अंक प्रेसला जायचा होता. सकाळी थोडी कुरबुर झाली, कोणी म्हणालं एवढं काय आहे, समुद्र तर दिसतोय नीट.

दहाच्या सुमाराला गावातल्या लोकांनी आदल्या रात्री लावलेली रापण ओढायला घेतली. दोन्ही दोऱ्यांना पंधरा-वीस माणसं, म्हाताऱ्या बायकासुद्धा, आणि माणसं कमी होती म्हणून त्यांनी आम्हाला हाक मारली. पाण्यात पाय घासत चाला म्हणाले, वाळूत पाकट बसलेली असते, पाऊल उचलून टाकलं तर शेपटीचा काटा बसतो. दोरी ओली, काथ्याची नसून नायलॉनची पण तरी तळहात सोलणारी, मागे मागे चालत ओढायची, शेवटाला गेलं की दोरी सोडून परत पुढे पळायचं. दीड तास. त्या जिमवाल्याचं मनगट विसरलं, काकूंचं नाट्यगीत थांबलं, माझी तुतारी एक्सप्रेस गेली. जाळं वाळूवर आलं तेव्हा त्यात फार काही नव्हतं, थोडे बांगडे, तारली, खेकडे, एक प्लॅस्टिकची चप्पल. तरी त्यांनी आमची वाटणी बाजूला काढली. सात बांगडे आले. आम्ही आठ जण होतो, गाइड म्हणाला मला आज भूक नाय.